काळोखात काही दिसलं नाही, तर दोष सिनेमाचा की टीव्हीचा?

हॉरर सिनेमा संपला की घरोघरी ठरलेली मतं निघतात. "नुसता अंधार होता." "बोलणं ऐकू येत नाही आणि मध्येच कानठळ्या बसतात." "भीती कुठे वाटलीच नाही." अ‍ॅक्शनपटाबद्दलही दोन ठरलेली आहेत: "कोण कुणाला हाणतंय तेच कळेना" आणि "एवढे पैसे ओतले, पण दिसतं मालिकेसारखं." या पाचांतली निदान तीन मतं बऱ्याचदा सिनेमाबद्दल नसतातच, टीव्हीच्या सेटिंगबद्दल असतात. विनोदी किंवा कौटुंबिक सिनेमाला वाईट सेटिंग चालून जातं. हॉरर मात्र काळ्या रंगावर आणि शांततेवर उभा असतो, आणि अ‍ॅक्शन हालचालीवर. नवा टीव्ही खोक्यातून निघतो तेव्हा नेमक्या याच गोष्टी बिघडवलेल्या असतात, कारण दुकानातल्या झगमगाटात त्याला शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसायचं असतं.

म्हणून आधी अर्धा तास टीव्हीवर घालवा, मग मत द्या. आवाज आधी लावला काय आणि चित्र आधी लावलं काय, फरक पडत नाही. पण चित्राच्या सेटिंगमध्ये पिक्चर मोड सगळ्यात आधी बदला. प्रत्येक मोड आपली बाकीची सेटिंगं वेगळी जपून ठेवतो, त्यामुळे मोड शेवटी बदललात तर केलेली मेहनत मागच्या मोडमध्येच राहते.

पिक्चर मोड

'व्हिव्हिड', 'डायनॅमिक', 'स्टँडर्ड' हे तिन्ही सोडा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो घ्या, नसेल तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही'. फिल्ममेकर मोड २०१९मध्ये जाहीर झाला, त्यामुळे त्याआधीच्या टीव्हीत तो शोधण्यात अर्थ नाही. रंगाचं तापमान 'वॉर्म'वर असू द्या. सॅमसंगवर 'वॉर्म २', एलजीवर 'वॉर्म ५०'. सिनेमा रंगवणारे लोक ज्या पांढऱ्या रंगाला पांढरा धरतात तो ६५०० केल्व्हिनच्या आसपासचा असतो आणि 'वॉर्म' त्याच्या सगळ्यात जवळ जातं. पहिल्या दिवशी चित्र पिवळट वाटेल. घरातलं कुणीतरी "टीव्ही बिघडलाय का?" असं विचारेलही. लगेच परत फिरू नका, पंधरा-वीस मिनिटांत डोळे सरावतात.

याची परीक्षा घ्यायला २०२४चा मल्याळम भयपट 'ब्रमयुगम' चांगला आहे, कारण तो पूर्ण कृष्णधवल आहे. 'व्हिव्हिड'मध्ये त्याचा पांढरा रंग ट्यूबलाइटसारखा निळा दिसतो. योग्य मोडमध्ये राखाडीच्या छटा सुट्या-सुट्या दिसू लागतात आणि त्या पडक्या वाड्यातली ओल जाणवते.

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे: टीव्ही ही सेटिंगं साध्या चित्रासाठी, एचडीआरसाठी (काळोख आणि उजेड यांतलं अंतर जास्त दाखवणारं चित्र) आणि डॉल्बी व्हिजनसाठी (एचडीआरचाच एक प्रकार) वेगवेगळी ठेवतो. बऱ्याच टीव्हींत प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठीही वेगळी असतात. केबलवर बातम्या चालू असताना सगळं नीट लावलंत, तरी ओटीटीवर एचडीआर सिनेमा सुरू झाला की टीव्ही पुन्हा मूळ मोडवर गेलेला असतो. म्हणून ज्या अ‍ॅपवर, ज्या प्रकारचा सिनेमा बघणार, तो चालू करा आणि तो चालू असतानाच मेन्यू उघडा. डॉल्बी व्हिजनमध्ये साधारण दोन पर्याय असतात: रात्री अंधारात 'डार्क' किंवा 'सिनेमा', दिवसा 'ब्राइट' किंवा 'सिनेमा होम'. सॅमसंगच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन नसतं, तिथे ते शोधू नका.

मालिकेसारखं का दिसतं

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. टीव्ही सेकंदाला ५०, ६० किंवा १२० वेळा चित्र ताजं करतो, आणि मधल्या रिकाम्या जागा भरायला स्वतःच्या मनाने फ्रेम बनवतो. या खटपटीला प्रत्येक कंपनीने वेगळं नाव दिलं आहे: एलजीवर 'ट्रूमोशन', सोनीवर 'मोशनफ्लो', सॅमसंगवर 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी'. मालिका आणि क्रिकेट ५० फ्रेमला दिसतात, म्हणून डोळ्याला तसा गुळगुळीतपणा म्हणजे 'मालिका' अशी सवय झालेली असते. त्यात अ‍ॅक्शनचं नुकसान दुप्पट होतं. ठोसा बसतानाचा झटका वितळतो, आणि वेगाने फिरणाऱ्या हातापायांच्या कडेला पाण्यासारखी थरथर दिसते, कारण टीव्हीने तिथे चुकीचा अंदाज बांधलेला असतो. डिसेंबर २०१८मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी फक्त एवढंच सांगायला व्हिडिओ काढला होता: हे बंद करा.

तर बंद करा. बंद केल्यावर कॅमेरा आडवा सरकताना चित्र अडखळतंय असं वाटलं, तर दोन उपाय आहेत. स्टिक किंवा बॉक्स वापरत असाल तर त्याच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'मॅच फ्रेम रेट' चालू करा. ते नसेल तर ६० हर्ट्झवर एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवली जाते, आणि अडखळणं त्यातूनच येतं. दुसरा उपाय म्हणजे 'जडर रिडक्शन' दहापैकी दोन-तीनवर ठेवणं. त्याच्या वर गेलात की मालिका परत आली.

"व्हीएफएक्स फालतू आहे" या मतापूर्वीही हेच तपासा. संगणकावर बनवलेलं भूत किंवा स्फोट खऱ्या दृश्यात बसवताना त्याच्या कडा, धूसरपणा आणि काळोख मोजूनमापून मिसळलेले असतात. गुळगुळीतपणा, वाढवलेला उजेड आणि वाढवलेला 'शार्पनेस' मिळून ती मिसळण उघडी पाडतात, आणि भूत वरून चिकटवल्यासारखं दिसतं. शार्पनेस बहुतेक टीव्हींत शून्याजवळ ठेवा. सोनीवर मात्र तटस्थ जागा ५० आहे, तिथे शून्य केलंत तर चित्र पुसट होईल.

काळा रंग बसवणं

हॉररसाठी सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे, आणि बहुतेक लोक इथे नेमकं चुकीचं बटण दाबतात. अंधार दिसला की हात 'ब्राइटनेस'कडे जातो. पण जुन्या आणि बऱ्याच स्वस्त टीव्हींत 'ब्राइटनेस' म्हणजे उजेड नव्हे, काळ्या रंगाची पातळी. उजेडाचं बटण 'बॅकलाइट' असतं. सोनी आणि सॅमसंगच्या नव्या टीव्हींत उलट आहे: तिथे 'ब्राइटनेस' म्हणजे उजेड, आणि काळ्याची पातळी 'ब्लॅक लेव्हल' किंवा 'शॅडो डिटेल' या नावाने असते. कोणतं काय करतं ते कळायला एक काळं दृश्य थांबवा आणि बटण फिरवा. काळ्या भागाचं राखाडी होत असेल तर ते काळ्याचं बटण, सगळंच उजळत असेल तर उजेडाचं.

आता बसवायचं असं. रात्री दिवे बंद करा. वर-खाली काळ्या पट्ट्या असलेला सिनेमा लावा आणि रात्रीच्या एखाद्या दृश्यावर थांबवा, शक्यतो काळे केस काळ्या भिंतीसमोर असतील असं. 'लोकल डिमिंग' (पडद्याच्या काळोख्या भागामागचा उजेड आपोआप कमी करणारी सोय) असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा. काळ्याची पातळी पट्ट्या राखाडी होईपर्यंत वाढवा, मग एकेक पायरी खाली या. पट्ट्या नुकत्याच पुन्हा काळ्या झाल्या की थांबा. त्याच्या खाली गेलात तर केस, कोट, कोपऱ्यात उभी असलेली आकृती हे सगळं एकाच काळ्या गोळ्यात बुडतं. दिग्दर्शकाने मागे उभं केलेलं भूत तुम्हाला दिसतच नाही, आणि मग "अचानक कुठून आलं?" हा प्रश्न पडतो. काम झालं की लोकल डिमिंग पुन्हा चालू करा.

पुढे 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट', 'ब्लॅक टोन', 'कॉन्ट्रास्ट एन्हान्सर' अशी जी काही मदतनीस मंडळी मेन्यूत असतील ती बंद करा. 'एनर्जी सेव्हिंग', 'इको' आणि उजेड मोजणारा सेन्सर हेही बंद. खोली अंधारी झाली की हा सेन्सर टीव्हीचा उजेड उतरवतो, आणि आधीच काळोख्या सिनेमाचं मातेरं होतं. साध्या चित्रासाठी रात्री बॅकलाइट इतका खाली आणा की पडद्यावरचा पांढरा सदरा डोळ्यांत खुपणार नाही. एचडीआरला मात्र बॅकलाइट पूर्णच असू द्या, तिथे मोजमाप सिनेमातच लिहिलेलं असतं. स्वस्त टीव्हीवर 'एचडीआर' असं नाव असूनही पडद्याला तेवढा उजेडच नसतो, आणि त्यामुळे चित्र अधिक काळवंडतं. अशा टीव्हीवर बॉक्सच्या किंवा टीव्हीच्या सेटिंगमधून एचडीआर बंद करून साधं चित्र बघणं चांगलं. याबद्दल अजिबात वाईट वाटून घेऊ नका.

लॅपटॉप किंवा गेमचा कन्सोल एचडीएमआयने जोडला असेल तर आणखी एक भानगड होते. सिनेमात काळा रंग १६ आणि पांढरा २३५ या आकड्यांवर असतो, संगणकात ० आणि २५५वर. लॅपटॉप 'फुल' पाठवतोय आणि टीव्ही 'लिमिटेड' समजतोय, तर सावल्या गिळल्या जातात. उलट झालं तर सगळं धुक्यातून बघितल्यासारखं राखाडी होतं. दोन्हीकडे एकच पर्याय ठेवा, किंवा दोन्हीकडे 'ऑटो'.

पडद्याची जातही लक्षात घ्या. आयपीएस आणि व्हीए हे एलईडी टीव्हीच्या पडद्याचे दोन प्रकार. आयपीएस पॅनेलचा काळा रंग अंधाऱ्या खोलीत राखाडीच दिसणार, त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ, साधारण १००० ला १ असतो. व्हीए पॅनेलचा त्याच्या तिप्पट किंवा जास्त असतो, पण कडेला बसलेल्याला तो फिका दिसतो. म्हणून व्हीए असेल तर गादी समोर ओढा. आयपीएस असेल तर टीव्हीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, मंद पांढरी एलईडी पट्टी लावा. डोळ्याला तुलनेसाठी उजेड मिळाला की पडद्यावरचा राखाडी पुन्हा काळा वाटू लागतो. झिरोचा दिवा मात्र समोरच्या भिंतीवर नको, त्याचं प्रतिबिंब नेमकं भुताच्या चेहऱ्यावर पडतं. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि विझतो, त्यामुळे त्याला काळ्याची चिंता नाही. पण काही मॉडेलवर बराच वेळ न हलणारं काळोखं दृश्य आलं की टीव्ही पडदा जपण्यासाठी स्वतःच हळूहळू उजेड उतरवतो. संथ हॉररमध्ये हे होतं, आणि सबटायटल बदललं की उजेड अचानक परत येतो. तो सिनेमातला परिणाम नव्हे.

पट्ट्या, अंतर, इंटरनेट

वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या म्हणून 'झूम' करू नका. २.३९ ला १ आकाराचा (रुंदी उंचीच्या २.३९ पट) सिनेमा टीव्हीच्या उंचीचा तीन चतुर्थांश भागच व्यापतो. झूम केलंत की डावी-उजवीकडचं चित्र कापलं जातं, आणि अ‍ॅक्शनमध्ये हल्ला बहुधा तिथूनच येतो. २०२५च्या 'सिनर्स'मध्ये तर २.७६ ला १ असे भाग आहेत, त्यात पडद्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग काळा राहतो. टीव्ही बिघडलेला नाही.

५५ इंची टीव्हीसमोर साडेपाच ते साडेसात फुटांवर बसा, ४३ इंचीला सहा फुटांच्या आत, ३२ इंचीला सव्वाचार-साडेचार फुटांवर. आपल्याकडे सोफा भिंतीला टेकलेला आणि टीव्ही समोरच्या भिंतीवर, म्हणजे दहा-बारा फूट सहज होतात. तेवढ्या लांबून ३२ इंचीवर मारामारी बघायची आणि "काही कळलं नाही" म्हणायचं, हे बरोबर नाही. रात्रीपुरती खुर्ची पुढे ओढा.

काळ्या दृश्यात चौकोनी ठिपके किंवा आकाशात पायऱ्या-पायऱ्या दिसत असतील, तर तो डेटा कमी पडल्याचा परिणाम आहे. अंधाऱ्या छटांना कॉम्प्रेशन, म्हणजे इंटरनेटवरून पाठवण्यासाठी चित्र दाबून लहान करणं, सगळ्यात आधी कात्री लावतं. एप्रिल २०१९मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'चा रात्रीच्या लढाईचा भाग आला तेव्हा जगभर तक्रार झाली, आणि छायाचित्रकार फेबियन वॅगनर यांनी लोकांच्या टीव्हीच्या सेटिंगकडे बोट दाखवलं. त्यांचंही बरोबर होतं आणि लोकांचंही, कारण कॉम्प्रेशनने त्यात भर घातली होती. ४केसाठी किमान १५ एमबीपीएस वेग टीव्हीपर्यंत पोचायला हवा, राउटरपर्यंत पोचून उपयोग नाही. टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर घ्या, नाहीतर सरळ केबल जोडा. प्लॅनही बघा: नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन ४८०पीवर थांबतो आणि बेसिक ७२०पीवर. त्यावर काळोखा सिनेमा बघून छायाचित्रणाला नावं ठेवण्यात हशील नाही.

आवाज

भीती निम्म्याहून जास्त कानाने वाटते, आणि टीव्हीचं सगळ्यात कमजोर अंग म्हणजे त्याचे स्पीकर. पडदा पातळ झाला तसे ते मागे किंवा खाली तोंड करून बसवले जाऊ लागले. शंभर-दीडशे हर्ट्झच्या खालचं त्यांतून जवळजवळ काही निघत नाही. हॉररमधली ती पोटात जाणवणारी घरघर त्याच्याही खाली असते. म्हणजे ज्या आवाजाने अस्वस्थ व्हायचं तो तुमच्या खोलीत आलेलाच नसतो.

बोलणं ऐकू न येण्याचं कारण वेगळं. थिएटरचं मोजमाप असं ठरलेलं असतं की एका चॅनेलचा सर्वांत मोठा आवाज १०५ डेसिबलपर्यंत जातो. त्या अंगाने मिसळलेला आवाज घरी तसा कुणी लावत नाही, वीस-पंचवीस डेसिबल खाली लावतो. मग स्फोट सुसह्य होतो, पण कुजबूज छताच्या पंख्याखाली गाडली जाते. पहिला उपाय फुकटचा आहे: पंखा दोनवर आणा, खिडकी लावा.

दुसरा उपाय म्हणजे ऑडिओचा ट्रॅक. फक्त टीव्हीचे स्पीकर असतील तर अ‍ॅपमध्ये '५.१'ऐवजी 'स्टिरिओ' किंवा 'ओरिजिनल' निवडा. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांच्यासाठीचा आवाज, त्यात संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात. तो स्पीकर नसेल तर टीव्ही त्यांना डाव्या-उजव्यात वाटतो, तिथे संगीत आणि आदळआपट आधीच असते, आणि त्या गर्दीत संवाद दबतात. प्राइम व्हिडिओवर काही सिनेमांना २०२३पासून 'डायलॉग बूस्ट' मिळतो, असेल तर 'मीडियम' पुरे. साउंडबार किंवा पूर्ण संच असेल तर मधला स्पीकर दोन-तीन डेसिबलने वर घ्या.

तिसरा उपाय 'नाइट मोड' किंवा 'ऑटो व्हॉल्यूम', आणि इथे जपून. हे मोठे आवाज दाबतात आणि लहान वर काढतात. मुलं झोपली असताना अ‍ॅक्शनपट बघायचा तर उत्तम. हॉररचा मात्र त्यात जीव जातो. दचकवण्याचं सगळं गणित असं असतं: आवाज हळूहळू काढून घ्यायचा, दोन-चार सेकंद जवळजवळ काहीच ऐकू येऊ द्यायचं नाही, आणि मग एकदम कडाड्. ऑटो व्हॉल्यूम त्या शांततेला वर ओढतो आणि कडाड्‌ला खाली. दोन्ही एका उंचीवर आल्यावर "भीती वाटलीच नाही" हे ओघाने आलंच. रात्री उशिरा हॉरर बघायचा तर नाइट मोडपेक्षा तारेचा हेडफोन बरा.

तारेचा यासाठी की ब्लूटूथमध्ये आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद मागे पडू शकतो. आवाज साधारण १२५ मिलिसेकंद उशिरा आला की माणसाच्या लक्षात येतं. लवकर आला तर ४५लाच. संवादात हे चालवून घेता येतं, पण ठोसा बसल्यावर आवाज नंतर आला की मारामारी खोटी वाटते. साउंडबार असेल तर तो 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेल्या पोर्टलाच जोडा आणि 'एव्ही सिंक'मधून दहा-दहा मिलिसेकंदांनी जुळवा. ज्यात दार आपटतं असं दृश्य यासाठी सोपं पडतं. ऑप्टिकल केबलने आवाज येतो, पण डॉल्बी अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज आल्याचा भास देणारा प्रकार) येत नाही. अ‍ॅटमॉसचा साउंडबार घेऊन ऑप्टिकलने जोडणारे कमी नाहीत.

डब केलेला सिनेमा बघून आवाजाबद्दल मत देऊ नका. हिंदी डबिंगमध्ये बोलणं पुढे आणायला खोलीचा घुमारा, श्वास, पावलांचा आवाज कित्येकदा मागे ढकलला जातो. हॉररमध्ये पाच मिनिटं मूळ भाषेत आणि सबटायटलसह बघा, मग ठरवा.

आता मत

एवढं झाल्यावरही सिनेमा आवडला नाही, तर तो दोष सिनेमाचा धरायला हरकत नाही. पण "बकवास" यापेक्षा थोडं नेमकं सांगायचं असेल तर काही चाचण्या आहेत. त्यांना पाचेक मिनिटं लागतात.

अ‍ॅक्शनसाठी: एक मारामारी निवडा, आवाज पूर्ण बंद करा, दोन मिनिटं बघा. कोण कुठे उभा आहे, दार कुठल्या बाजूला आहे, किती जण उरलेत, हे सांगता येतं का? येत नसेल तर संगीत आणि 'धाड-धाड' यांनी तुम्हाला गुंडाळलं होतं. २०२४चा हिंदी 'किल' या कसोटीला उतरतो. सगळी मारामारी धावत्या रेल्वेच्या डब्यात आहे. जागा अरुंद, त्यामुळे येण्याजाण्याच्या दिशा दोनच, आणि दिग्दर्शक त्या दिशांचा गोंधळ होऊ देत नाही. त्यातली हिंसा मात्र फार आहे, नाजूक पोटाच्या माणसाने जेवणानंतर लावू नये.

मग कट मोजा. एका मिनिटात चित्र किती वेळा बदललं ते बोटांवर धरा. आकडा जास्त म्हणजे वाईट, असं मात्र नाही. २०१५च्या 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'मध्ये दोन तासांत सुमारे २७०० कट आहेत, तरी गोंधळ होत नाही, कारण जे बघायचं ते जवळजवळ दर वेळी पडद्याच्या मधोमध ठेवलं आहे. डोळ्याला शोधत फिरावं लागत नाही. त्या सिनेमाच्या संकलक मार्गारेट सिक्सेल यांना ऑस्कर मिळालं. वाईट कट ओळखायची खूण वेगळी: हात उगारला एका शॉटमध्ये आणि लागला दुसऱ्या शॉटमध्ये, असं दर वेळी होत असेल तर नटाला किंवा स्टंट विभागाला ते जमलेलं नाही, आणि कात्री ते झाकते आहे. उगारणं, लागणं आणि समोरच्याचं कोलमडणं एकाच शॉटमध्ये दिसलं, की घाम गाळला आहे हे समजा. 'जॉन विक' मालिकेत हे सातत्याने दिसतं. तिचे दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की हे स्वतः स्टंटमन, 'द मॅट्रिक्स'मध्ये कियानू रीव्ह्जचे बदली कलाकार होते. चौथा भाग १६९ मिनिटांचा आहे आणि ती लांबी जाणवते. ही तक्रार रास्त आहे, ती टीव्हीच्या माथी मारता येणार नाही.

बदली कलाकार वापरला, नायकाचा चेहरा दिसत नाही, यावरून नाक मुरडू नका. ते कामच तसं आहे. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत अ‍ॅक्शन दिग्दर्शनाचा पुरस्कार २०१७ सालच्या सोहळ्यापासून आहे. ऑस्करने स्टंटसाठी पुरस्कार जाहीर केला तो २०२५मध्ये, आणि तोही २०२७च्या सिनेमांपासून.

हॉररसाठी कागदावर तीन रकाने पाडा: खोटं दचकवणं (मांजर, खांद्यावर मित्राचा हात), खरं दचकवणं, आणि ज्यात काहीच घडत नाही तरी अस्वस्थ वाटतं असे प्रसंग. पहिला रकाना भरलेला आणि तिसरा रिकामा असेल तर सिनेमा आळशी आहे. दचकणं ही शरीराची प्रतिक्रिया आहे, फटाका वाजला तरी ती येते. त्याला भीतीचे गुण देऊ नयेत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे भुताचे नियम. ते कुठे राहतं, कशाला भितं, त्याला काय हवं आहे, हे सिनेमाने एकदा ठरवलं की शेवटपर्यंत पाळलं पाहिजे. २०१८चा 'तुंबाड' या बाबतीत चोख आहे: हस्तराला (त्यातल्या शापित देवाला) काय हवं, पिठाचं रिंगण कशासाठी, बाहुली कशासाठी, हे आधी सांगितलं जातं आणि शेवट त्याच नियमांतून निघतो. सप्टेंबर २०२४मध्ये तो पुन्हा थिएटरांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. जे लोक आधी टीव्हीवर "अंधारा आहे" म्हणाले होते त्यांना पावसाळी उजेड आणि दिव्यांचा प्रकाश तेव्हा नीट दिसला असेल. काळ्याची पातळी बसवल्यावर ताडून बघायलाही हाच सिनेमा घ्या.

२०२४चा 'मुंज्या' वेगळ्या मापाने मोजायला हवा. मुंज झालेला पण सोडमुंज न होता गेलेला पोरगा पिंपळावर राहतो, ही गोष्ट कोकणात आणि घाटावर आजीकडून ऐकलेल्यांना नियम आधीच माहीत असतात. सिनेमा त्यांना धरून थट्टा करतो. अशा हॉरर-कॉमेडीला "पुरेसा भीतिदायक नाही" म्हणण्यात अर्थ नाही. बघायचं ते हे की हसू आणि भीती एकमेकांच्या पायात येतात का. विनोदानंतर लगेच आलेल्या धोक्याच्या प्रसंगात कुणी हसत राहिलं, तर तोल गेला.

मुलांना बरोबर बसवायचं असेल तर प्रमाणपत्र वाचा. सेन्सॉरच्या २०२४च्या नियमांनी 'यूए'चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले आहेत. हॉररमध्ये १३+ आणि १६+ यांतला फरक रक्तापेक्षा बऱ्याचदा छळाच्या प्रसंगांत असतो. ओटीटीवरही तसेच गट असतात, पण ते प्लॅटफॉर्मने स्वतः ठरवलेले असतात.

थिएटरात

जागा मधल्या रांगेत, पडद्यापासून दोन तृतीयांश मागे घ्या, आवाज साधारण तिथे धरून जुळवलेला असतो. हलत्या कॅमेऱ्याचा अ‍ॅक्शनपट पहिल्या चार रांगांतून बघितला तर मळमळेल, आणि मत सिनेमावर निघेल. काळोखा हॉरर थ्रीडीत टाळा. साध्या खेळाला पडद्यावर १४ फूट-लँबर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) उजेड अपेक्षित असतो, थ्रीडीत चष्म्यातून त्याचा तिसरा हिस्सा पोचला तरी खूप. शिवाय काही पडद्यांवर थ्रीडीचा फिल्टर साध्या खेळालाही यंत्रावर तसाच राहतो आणि चित्र मळकं दिसतं. बाहेर पडण्याच्या दाराची हिरवी पाटी लख्ख आणि पडदा काळवंडलेला, असं दिसलं तर जाहिराती चालू असतानाच उठून दारावरच्या माणसाला सांगा. मध्यंतरापर्यंत थांबलात तर तेव्हा कुणी फिल्टर काढायला जात नाही, आणि तिकिटाचे पैसेही मागता येत नाहीत.